दसपटीच्या पागेतला पावसाळा

घोड्याच्या मागून जाऊ नका. डाव्या अंगानं, त्याच्या खांद्याच्या रोखानं या आणि येताना काहीतरी बोलत या. काय बोलता याला महत्त्व नाही, तुमच्याआधी तुमचा आवाज त्याच्यापर्यंत पोचला पाहिजे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत. भोवतालचं जवळजवळ सगळं त्याला दिसतं, पण कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीच्या अगदी मागचा पट्टा दिसत नाही. तिथून एकाएकी हात आला की तो दचकतो, आणि दचकलेला घोडा लाथ झाडतो.

आता हात मानेवर ठेवा. आयाळीखालची कातडी घामानं चिकट लागते आहे. वैशाख सरत आला आहे, १६७० नंतरच्या दशकातला. तुम्ही उभे आहात ते चिपळूणच्या पूर्वेला, सह्याद्रीच्या पायथ्याशी, दसपटीत. वर कुंभार्ली घाटाची भिंत, खाली वाशिष्ठीला जाऊन मिळणारे आणि या दिवसांत आटून गेलेले ओहोळ. तुमच्या डोक्याला मुंडासं आहे, अंगात बंडी, पाय अनवाणी. शिवाजी महाराजांचं लष्कर छावणीला उतरलं आहे आणि तुम्ही पागेतले नवे बारगीर आहात. घोडा सरकारचा, हत्यार सरकारचं. तुम्ही त्यावर बसणारे. पलीकडे दिमाखात आपल्या घोड्याला खरारा करणारा माणूस शिलेदार आहे. तो स्वतःचा घोडा आणि स्वतःचं हत्यार घेऊन आला आहे, पण हुकूम त्यालाही पागेचाच.

घोडे ओळीनं बांधले आहेत. पुढून अगाडी, मागून पिछाडी, दोन्ही दोर जमिनीत ठोकलेल्या मेखांना. ओळीत पंचवीस घोडे आहेत आणि त्यांच्यावर एक हवालदार. अशा पाच हवालदारांवर जुमलेदार, दहा जुमल्यांवर हजारी. महाराजांचं चरित्र सांगणाऱ्या सभासदाच्या बखरीत ही उतरंड लिहिलेली आहे आणि शाळेत ती आपण पाठही केली आहे. पण त्याच ठिकाणी सभासद आणखी एक गोष्ट सांगतो: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. मला या लष्कराचं सगळ्यात मोठं शहाणपण इथं दिसतं. पंचवीस घोड्यांना रोज पाणी कोण पाजणार आणि त्यांचे खूर कोण पाहणार, हे सेनापती ठरवतानाच ठरवून टाकलेलं आहे.

तुमच्या वाट्याला आलेला घोडा पाहून तुम्ही जरा हिरमुसता. चित्रातल्या अरबी घोड्याची ऐट याच्यात नाही. हा भीमा-नीरेच्या खोऱ्यातला, भीमथडीचा. उंचीनं बेताचा, हाडानं चिवट, खूर दगडासारखे टणक. जाड्याभरड्या गवतावर आणि मूठभर कुळथावर हा दिवसभर चालेल, डोंगर चढेल, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उभा राहील. हिरमुसू नका. घाटात याच्यासारखा सोबती नाही.

पहिले काही दिवस तुम्हाला वर बसूच देत नाहीत. खरारा हातात देतात. मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत, केसांच्या वळणानं घासायचं आणि घासताना हाताला काय लागतं ते लक्षात ठेवायचं. कुठे गाठ आहे, कुठे गरम लागतं, कुठे हात लावला की तो कातडी थरथरवतो. मग चारही खूर उचलायचे. तळव्यात मधोमध त्रिकोणी मऊ गादी असते, तिच्या दोन्ही बाजूंच्या खाचांतली माती आणि खडे टोकदार काडीनं, टाचेकडून पुढच्या टोकाकडे काढायचे. नालबंद शेजारी उकिडवा बसून पाहतो आहे. "नुसतं कोरू नकोस लेका, वास घे," तो म्हणतो. तुम्ही खूर नाकाजवळ नेता. मातीचा वास येतो. "असाच यायला पायजे. कुजका वास आला की मला हाक मार, मग मी जेवत असलो तरी."

छावणीच्या कडेला चाबूकस्वार एका तरण्या घोड्याला लांब दोरावर काव्याला, म्हणजे गोल गोल, फिरवतो आहे. दोर ताणतो, घोडा मान वळवतो, त्याच क्षणी दोर सैल. पुन्हा ताण, पुन्हा वळण, पुन्हा सैल. घोडा शिकतो तो ताणामुळे नव्हे, ताण सुटल्यामुळे. योग्य केलं की त्रास थांबतो हे त्याच्या ध्यानात येतं. म्हणून शिकवणाऱ्याचं खरं कसब हात ढिला करण्याच्या वेळेत असतं. आज पुण्याच्या किंवा बारामतीच्या एखाद्या रायडिंग क्लबात उत्तम शिक्षकही हेच सांगेल. संध्याकाळी चंदीचे तोबरे चढले की हाच चाबूकस्वार लांबवर एका पोराला नगारा वाजवायला बसवतो. घोडे कान टवकारतात, पण तोंड दाण्यातच राहतं. दुसऱ्या दिवशी नगारा थोडा जवळ. आठवडाभरानं तो ओळीच्या टोकाला वाजतो आणि एकही घोडा मेख उपटत नाही.

एका संध्याकाळी कारकून सगळ्यांना गोळा करतो. महाराजांचा कागद आला आहे. दसपटीत हलवर्णला राहिलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना लिहिलेलं हे पत्र आजही छापील स्वरूपात वाचायला मिळतं. ज्याच्याकडे घोडा आहे त्यानं ते एकदा तरी वाचावं असं मला मनापासून वाटतं. लढाईचा त्यात शब्द नाही. आहे तो गवताचा आणि दाण्याचा हिशेब. पावसाळ्यासाठी पागेची म्हणून जी वैरण आणि जो दाणा साठवला आहे तो आत्ताच, वाटेल तसा खाऊन टाकाल, तर भर पावसात काहीच मिळणार नाही आणि घोडी मरायला लागतील. म्हणजे ती तुम्हीच मारली असं होईल. मग तुम्ही गावात शिराल. कुणी कुणब्याच्या घरचे दाणे आणील, कुणी भाकर, कुणी गवत, कुणी सरपण, कुणी भाजी. जे कुणबी कसेबसे जीव धरून राहिले आहेत तेही गाव सोडतील आणि त्यांना वाटेल की मोगल बरे होते. लागेल ते बाजारातून विकत आणा, रयतेला काडीचाही त्रास नको.

आणि मग पत्र आगीकडे वळतं. कारकून वाचतो आहे आणि तुम्ही नकळत मान वळवून गवताच्या उडव्यांकडे पाहता. भलत्याच जागी चुली आणि शेकोट्या पेटवू नका. गवत पडलेलं आहे याचं भान न ठेवता तंबाखू ओढू नका. रात्री दिवा जळता ठेवाल तर उंदीर पेटती वात पळवेल आणि ती गवतात नेईल. एका उडवीनं पेट घेतला की सगळ्या जातील. मग कुणब्यांच्या माना मारल्या किंवा कारकुनांना कितीही ताकीद दिली तरी खण उभारायला एक लाकूड मिळणार नाही.

उंदीर. राज्य उभं करणाऱ्या माणसाच्या डोळ्यांपुढे रात्रीच्या तबेल्यातला तो उंदीर आहे, तेलानं माखलेली वात तोंडात धरून पळणारा. घोड्यांची काळजी म्हणजे काय, हे मला इतकं नेमकं दुसरीकडे कुठे वाचायला मिळालेलं नाही. घोडा घाटात पडून मरतो त्याची गोष्ट होते. तबेल्यात जळून किंवा उपाशी मरतो त्याची गोष्ट होत नाही, पण मरतो तो तिथेच जास्त सहज. आज तुमच्या तबेल्यात दिवा नसेल. पण छपरातून लोंबणारी सांधलेली वायर असेल, पेंढ्यांना टेकवलेला पंखा असेल, राखणदाराची विडी असेल. आणि नीट न वाळवता रचलेलं गवत असेल, जे आतल्या आत तापत जातं आणि कुणी काडी न लावताही पेटू शकतं. उडवीच्या पोटात हात घालून पाहा. कोमट लागलं तर ती आजच फोडा.

कागद वाचून झाला. हवालदार तुम्हाला उडव्या मोजायला पाठवतो. मोजता मोजता तुम्ही मनातल्या मनात तुमच्या काळातला हिशेब घालता. घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दोन टक्क्यांच्या आसपास सुका चारा लागतो. साडेतीनशे किलोचा घोडा धरला तर सात किलो. पंचवीस घोड्यांना रोज पावणेदोनशे किलो, पावसाळ्याच्या १२० दिवसांत २१ हजार किलो. एकवीस टन गवत, एका हवालदाराच्या ओळीला! ते कुणीतरी मागच्या आश्विन-कार्तिकात डोंगरावर कापलं, वाळवलं, भारे बांधून डोक्यावरून खाली आणलं. आता उडव्यांकडे पुन्हा पाहा. त्या लहान दिसू लागतात.

मग पाऊस येतो. कोकणातला पाऊस तुम्हाला ठाऊक असेल, पण घोड्यांसोबत तो काढला नसेल तर तो तुम्हाला अर्धाच ठाऊक आहे. चार दिवसांत पागेची जमीन चिखल होते. शेण, मूत आणि पाणी यांत उभा राहिलेला खूर मऊ पडतो आणि एका सकाळी खाचांतून काळा लगदा निघतो, ज्याच्या वासानं तुम्ही तोंड फिरवता. नालबंदाला हाक मारायची ती वेळ हीच. तो कुजलेला भाग तासतो, खूर कोरडा करतो आणि तुम्हाला जमिनीचा उतार काढून चर खणायला लावतो. औषधाइतकीच कोरडी जागा महत्त्वाची आहे. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार रोज पाट्या भरभरून शेण बाहेर काढतात.

गवताला वरून ओल लागली की बुरशी धरते. असा भारा हातात घेऊन झटकला की पांढुरकी धूळ उडते. तो टाकून द्यायचा, कितीही जीवावर आलं तरी. घोड्याला ओकता येत नाही. जे पोटात गेलं ते पुढेच गेलं पाहिजे, आणि त्याचं पोट लहान, आतडी लांबच लांब. एक रात्र अशी येते की ओळीतला एक घोडा पुन्हापुन्हा मागे वळून कुशीकडे बघतो, पुढच्या पायानं जमीन उकरतो, बसतो, उठतो, लोळायला लागतो. दाणा आवडीचा असूनही तोबऱ्याला तोंड लावत नाही. पोटशूळ. पखालजी, हवालदार, सगळे जागे होतात. कान कुशीला लावून आतली गुरगुर ऐकायची. ती ऐकू येत नसेल तर चिंता मोठी. त्याला दाणा बंद करतात, अंग घासतात, सावकाश फिरवतात. पहाटे तो लीद टाकतो आणि सगळ्या छावणीला हायसं वाटतं. तुमच्या काळात अशा वेळी पशुवैद्याला तात्काळ फोन करायचा, सकाळची वाट पाहायची नाही. हाताशी असलेल्या थोड्या तासांत घोडा वाचतो किंवा जातो.

गोमाश्यांचा त्रास वेगळाच. ओळीच्या वाऱ्याच्या बाजूला ओल्या पाल्याचा धूर करतात, उडव्यांपासून लांब. काही घोड्यांना ताप येतो आणि जातो, पुन्हा येतो, खात असूनही ते झिजत जातात, पायांना आणि पोटाखाली सूज धरते. सर्रा नावाच्या या रोगाचा जंतू पुढे १८८० मध्ये डेरा इस्माईल खानला ग्रिफिथ इव्हान्सनं घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात शोधला. माश्या तो एकाकडून दुसऱ्याकडे नेतात. पागेतल्या माणसांना जंतू ठाऊक नाही, धूर ठाऊक आहे.

उघडीप मिळाली की रपेट. बांधून ठेवलेला घोडा आखडतो, आणि दाणा भरपूर मिळाला तर तापटही होतो, म्हणून पावसातही त्याला हिंडवायचं असतं. आता तुम्ही वर बसता. रिकिबीत पाय पंजापुरताच घाला. पूर्ण पाय आत गेला आणि घोडा उधळला तर पडाल, पण सुटणार नाही. मांड घट्ट ठेवायची ती मांडीनं, लगामाला लोंबकळून नाही. तोंड त्याचं आहे, आधार तुमचा तुम्ही शोधायचा.

दसऱ्याला लष्कर बाहेर पडतं. नगारा वाजतो आणि ओळीतला एकही घोडा मेख उपटत नाही.

घाटाची वाट वंजाऱ्यांच्या बैलांनी घडवलेली आहे. कडेला कारवी, पायाखाली पावसानं धुऊन निघालेला दगड, काही ठिकाणी शेवाळ. निघताना तुम्ही तंग आवळला होता. पहिल्या वळणावर हवालदार सगळ्यांना थांबवतो आणि पुन्हा आवळायला लावतो. खोगीर चढवताना पुष्कळ घोडे पोट फुगवून धरतात, थोडं चालल्यावर तंग चार बोटं सैल झालेला असतो. चढणीवर असा तंग म्हणजे खोगीर मागे आणि माणूस दरीत. पुढच्या घोड्याची शेपटी आणि तुमच्या घोड्याचं नाक यांत एक घोडा मावेल इतकी जागा ठेवा. चढताना पुढे झुका, हवी तर आयाळ धरा, लगाम सैल सोडा. मान खालीवर करूनच तो तोल सांभाळतो, ती तुम्ही बांधून ठेवली तर तो घसरेल.

एका अरुंद जागी कारवीतून रानकोंबडा फडफडत उठतो. तुमचा घोडा जागीच ताठ होतो, कान पुढे, नाकपुड्या रुंद. मोकळ्या माळावर तुम्ही त्याला लहान वर्तुळात वळवला असता. इथं वळायला जागा नाही. स्वस्थ बसा. श्वास सोडा, तुमचा श्वास त्याला मांडीतून कळतो. त्याला पाहू द्या. टाच मारू नका, ओरडू नका. मागचा बारगीर थांबला आहे, त्याच्या मागचाही. घोडा एकदा फुरफुरतो, मान खाली घालतो आणि पाऊल उचलतो.

पुढे वाट खचलेली आहे. सगळे उतरतात. उतरताना डोंगराच्या बाजूनं उतरा, दरीच्या नाही. पुन्हा चढायचं तेही त्याच बाजूनं. दोर हाताला गुंडाळू नका, घडी करून मुठीत धरा. घोडा घसरला तर दोर सुटला पाहिजे, नाहीतर तुम्ही त्याच्याबरोबर जाल. तुमच्या काळात डोक्यावर हेल्मेट असेल आणि खिशात फोन. तो फोन खोगिराच्या पिशवीत ठेवायचा नसतो, अंगावर ठेवायचा असतो, कारण तुम्ही पडलात तर घोडा पिशवी घेऊन निघून जाईल.

माथ्यावर वारा लागतो. जेवणाचं नाव काढायच्या आत हवालदार ओळीनं फिरतो. प्रत्येक घोड्याच्या डाव्या कोपरामागे तळवा ठेवून ठोके पाहतो, बरगड्यांची धाप पाहतो, ओठ उलटून हिरडी दाबतो. दाबलेली जागा पांढरी होते आणि बोट काढताच पुन्हा गुलाबी. आज लांब पल्ल्याच्या घोडेस्वारीच्या स्पर्धांत पशुवैद्य दर टप्प्यावर हेच करतात. तिथं ठोके मिनिटाला साधारण ६४ च्या खाली आल्याशिवाय घोड्याला पुढे सोडत नाहीत. हवालदाराकडे आकडा नाही. त्याचा तळवा त्याला सांगतो की तिसरा आणि नववा घोडा अजून उभे राहू देत, बाकीच्यांना पाणी दाखवा.

हेळवाकला मुक्काम. ओढ्यावर घोडे एकत्र नेतात आणि शेवटचा पिऊन होईपर्यंत एकही हलत नाही. पहिला निघाला की मागचे तहान अर्धी टाकून त्याच्यामागे पळतात. मळ्याच्या बांधापलीकडे नाचणी कणसावर आली आहे. तुमचा घोडा मान लांब करतो, तुम्ही ती मागे खेचता. कुणबी बांधावर उभा राहून हे बघतो आहे. थोड्या वेळानं तोच गवताचे भारे घेऊन येतो, कारकून दर ठरवतो आणि पैसे मोजून देतो.

मग खोगिरं उतरतात. तुम्ही तंग सोडता, खोगीर काढता, खालची घोंगडी उचलता. पाठीच्या उंचवट्याच्या जरा मागे रुपयाएवढी जागा केस जाऊन लाल झाली आहे, कडेनं ओलसर. घोंगडी उलटी करून पाहिल्यावर तिथं वळी पडलेली दिसते आणि वळीत अडकलेलं कुसळ. सकाळी निघायच्या घाईत हात फिरवायचा राहून गेला होता. घोडा दिवसभर चालला, घाट चढला आणि त्यानं काही कळू दिलं नाही.

हवालदार वाकून पाहतो. रागावत नाही. मीठ घातलेल्या कोमट पाण्यानं जखम धुवायला सांगतो, माशी बसू देऊ नको म्हणतो.

"भरून येईपर्यंत ह्याच्या पाठीवर काही ठेवायचं नाही. खोगीर नाही, पडशी नाही."

"मग उद्या मी?"

"तू पायी चल. दोर हातात धर आणि त्याच्या खांद्याशेजारून चाल. पाटणची वाट कोयनेच्या काठानं जाते, घाटाएवढी अवघड नाही."